फ्लायव्हीलचं माप

"मधला भाग कडेपेक्षा अर्धा मिलिमीटर खोल ठेवायला सांग," नोएल ओकी म्हणाला. "आणि हे माप मी दिलं असं कुठे बोलू नकोस."

हिलरी ट्रँटरच्या मनात पाल चुकचुकली. तिचे वडील क्लेम यांची जुनी स्पोर्ट्स कार रविवारी टेकडीच्या शर्यतीत उतरायची होती. क्लेम गेल्यानंतर पहिल्यांदाच, आणि चालवणार होती ती स्वतः. पण क्लच घसरत होता. तो ज्या जड चाकावर दाबून बसतो, ते फ्लायव्हील झिजून गेलं होतं. वर्कशॉपवाला म्हणाला होता, मूळ माप आणा, मग घासून देतो. कंपनीच्या पुस्तकात माप होतं: पूर्ण सपाट. क्लबातली मंडळीही तेच सांगत होती. एकट्या नोएलचंच, बाबांच्या या जुन्या प्रतिस्पर्ध्याचंच, काहीतरी वेगळं.

मधे खोल ठेवलं तर क्लच नीट दाबणारच नाही. ऐन चढावर गाडी नुसती गुरगुरत राहील. याला हेच तर हवं नाही ना? ही गाडी विकत मागायला तो कितीदा दारात आला होता, आणि क्लेमनी दर वेळी त्याला हसून वाटेला लावलं होतं.

"म्हणजे पुस्तक खोटं आणि तुम्ही खरे, मिस्टर ओकी?"

"पुस्तक खरं आहे, पोरी. पण या चाकाला ते लागू नाही."

"का?"

नोएल चहा ढवळत राहिला.

"आलं लक्षात." ती उठली. "बाबा पहिले आले त्या वर्षी तुम्ही भिऊन शर्यतीत उतरला नाहीत. ते अजून डाचतंय तुम्हाला."

नोएलची बायको मेव्हिस ओट्याशी उभी होती. तिने किटली आपटली.

"बास झालं. ते चाक याचं आहे. क्लचसकट खास घडवून घेतलेलं. शर्यतीच्या आदल्या दिवशी तुझ्या बापाचं चाक तडकलं, तेव्हा यानं आपल्या गाडीतलं काढून त्याला बसवून दिलं."

हिलरी परत खुर्चीत बसली. 

"मग तुम्ही भ्यालात, असं बाबा जन्मभर का सांगत राहिले?"

"मी का उतरलो नाही, हे लोक विचारणारच होते," नोएल म्हणाला. "दुसऱ्याच्या चाकावर जिंकला, असं त्याला कुणी म्हणावं, हे मला नको होतं. त्याला काही सुचेना. मग ती थाप मीच सुचवली."