गारटोपी

अर्धांगाचा झटका आलेल्या वेणूताई बागलांना रुग्णवाहिकेतच डोकं थंड ठेवणारी गारटोपी चढवली होती. मुलींना खो-खो शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. आता वाचा गेली होती, उजवा हात लुळा पडला होता, थंडीने दात वाजत होते. पण ऐकू सगळं येत होतं.

"या वयात एवढे हाल कशाला? काढा ती टोपी," रुग्णालयात पोचल्यावर मुलगा धनंजय म्हणाला.

"मेंदू गार राहिला तरच सूज आवरेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

धनंजयने स्वतःच टोपीच्या पट्ट्याला हात घातला. वेणूताईंनी डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं आणि तो मागे सरेपर्यंत सोडलं नाही.

दोन दिवसांनी टोपी उतरली. वाचा आली का पाहायला डॉक्टरीणबाईंनी त्यांना त्यांचं नाव विचारलं. वेणूताई धनंजयकडे वळल्या. जीभ अडखळत होती, तरी त्या बोलल्या.

"मला विचारायचं होतंस."