प्रभूची भाकर

चर्चमध्ये प्रभुभोजनाची रांग पुढे सरकू लागली, तशी एलियाची घालमेल वाढली. पाच वर्षांपूर्वी दारूच्या नशेत त्याने जीप उलटवली आणि त्याच्या बायकोचा, सुगंधाचा, पाय गेला. दारू त्याच दिवशी सुटली. पण तेव्हापासून प्रभूच्या भाकरीला त्याने हात लावला नव्हता.

आज सुगंधाने कुबडी सावरत त्याचा दंड धरला. "मला पुढे न्या."

पाळकांनी दोघांसमोर ताट धरलं. तो मागे सरला. "माझ्यासारख्याला नको."

"मी माफ केलं, ते तुम्ही मानलंत ना?" सुगंधा हळूच म्हणाली. "मग देवाचं मानायला एवढा वेळ का लावता?"

पाळक थांबून राहिले. एलियाच्या तळहातांना घाम सुटला होता. त्याने ते सदऱ्याला पुसले आणि पुढे केले.