मामाचं कपाळ

वजनाचा बार तिच्या छातीवर होता आणि समोर मामाचं कपाळ. तिथेच बघायचं, इकडेतिकडे नाही. मामेबहिणीने मघाशीच चौऱ्याण्णव किलो उचललं होतं. पंच्याण्णव वर गेलं तर संघातली एकुलती एक जागा हिची. नाही गेलं तर बहिणीची, म्हणजे मामाच्याच लेकीची.

सगळी भानगड उजव्या हाताची. मान डावीकडे वळली की उजवं कोपर आपोआप दुमडायचं. तान्ह्या बाळांचं असंच असतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या; मान जिकडे, तिकडचा हात सरळ, दुसरा वाकडा. वर्षाच्या आत ते जातं, हिचं थोडं मागे राहिलं होतं. एरवी कुणाला पत्ताही लागला नसता. पण डोक्यावर वजन असताना कोपर जरा वाकलं तरी पंच बाद देतात. ती त्या हाताला फितूर म्हणायची. डॉक्टरीणबाई सोडल्या तर हे फक्त मामाला ठाऊक होतं.

मामाने व्यायामशाळेच्या भिंतीवर तिच्या डोळ्यांसमोर चिकटपट्टीचा तुकडा लावला. आठ महिने ती त्यावर नजर रोवून वजन उचलत होती. लेक रुसली तेव्हा मामा सगळ्यांदेखत म्हणाला होता, की बारसमोर कसली लेक आणि कसली भाची. ते ऐकून हिला रडूच आलं होतं. वडील गेल्यावर तिचं एवढं कुणी केलं नव्हतं. स्पर्धेच्या सभागृहात भिंत लांब, मध्ये माणसंच माणसं. म्हणून आज सकाळी मामा म्हणाला, "मी समोर उभा राहतो. मीच तुझी भिंत."

तिने दम धरला, गुडघ्यांतून झटका दिला. बार वर गेला. दोन्ही कोपरं सरळ. आता पंचांची खूण होईपर्यंत थांबायचं, बस्स.

तेवढ्यात कपाळ हललं. मामा चालत होता. सावकाश, तिच्या डाव्या बाजूला. एक पाऊल, दोन, तीन. डोळे मात्र तिच्यावरच. तिने सवयीने कपाळ सोडलं नाही. मान वळली. कोपर वाकलं. बार धाडकन खाली आला आणि तिन्ही लाल दिवे लागले.

पलीकडे बहिणीचा आनंद गगनात मावेना. त्या बिचारीला यातलं काही माहीत नव्हतं.

मामा टॉवेल घेऊन आला. चेहरा अगदी हळहळलेला. "काय गं हे? किती वेळा बजावलं होतं. नजर का हलवलीस?"

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आयुष्यात पहिल्यांदाच तिने तो उजवा हात मायेने पोटाशी धरला.

"हलवली नाही, मामा," ती म्हणाली. "शेवटपर्यंत तुझ्यावरच होती."