कमी जादूचं राज्य

"माझ्या तिरंदाजाचीबी तीन बोटं गेली. उजव्या हाताची. लिहून घे," असं म्हणत कुलदीप चटईवर मांडी घालून बसला.

समाधानने पेन उचललं, पण लिहिलं काहीच नाही.

गुरुवार होता, म्हणजे भोसरीतल्या कारखान्यांची सुट्टी. दर गुरुवारी दुपारी समाधानच्या भाड्याच्या खोलीत खेळ बसायचा. ना पट, ना सोंगट्या. नुसते कागद, एक फासा आणि समाधानने डोक्यातून काढलेलं एक राज्य. तो प्रसंग रंगवून सांगायचा आणि मग एकेकाकडे बघून विचारायचा, "काय करतोस?" उत्तर आलं की वीस पैलूंचा पितळी फासा टाकायचा. जमलं की फसलं, हे त्या फाशावर. फासाही त्यानेच भंगारातल्या तुकड्यावर कानस मारून बनवला होता.

कुलदीप अडीच महिन्यांनी खेळायला आला होता. एवढ्या उकाड्यात अंगात जर्किन, आणि उजवा हात जर्किनच्या खिशात.

"मग सोप्पंय, राव," प्रीतम म्हणाला. "एखादा मांत्रिक आण. त्यानं हात लावला की बोटं परत. बाहेरच्या सगळ्या खेळांत असतं हे. तुझंच राज्य मेलं कंजूष."

प्रीतम तळवड्याच्या आयटी पार्कातला. घरून काम करतोय असं सांगून तो इथे यायचा, आणि साहेबाला संशय येऊ नये म्हणून दर पाच मिनिटांनी लॅपटॉपला बोट लावायचा.

जादूवरून त्यांचं भांडण जुनंच होतं. समाधानच्या राज्यात दोन वर्षांत एकच जादू झाली होती. एक कंदील भर वाऱ्यात विझला नव्हता, बस. त्याची बायको दिव्या खेळात वैदीण व्हायची. ती जखम बांधायची, ताप उतरवायची, पण तुटलेलं काही तिला पुन्हा उगवून आणता यायचं नाही. "जादूनं सगळंच परत मिळायला लागलं, तर जपून पाऊल कोण टाकील?" हे समाधानचं ठरलेलं उत्तर सगळ्यांना पाठ होतं. आताही प्रीतम ते ऐकायच्या तयारीनेच बसला होता.

समाधान ते बोलला नाही. त्याला त्या खिशाकडे बघवत नव्हतं, आणि दुसरीकडे कुठे बघावं तेही सुचत नव्हतं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "घाटाच्या पायथ्याला एक साधू बसलाय. तुम्हाला बघून तो उठतो. तिरंदाजाचा हात हातात घेतो. बोटं... बोटं परत येतात. तिन्ही. फासा टाकायचीसुद्धा गरज नाही."

प्रीतमने टाळी द्यायला हात पुढे केला. कुणीच हसत नाही असं पाहून मागे घेतला. दिव्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"साधू नको," कुलदीप म्हणाला.

"अरे घे की, भावा. फुकट मिळतंय."

"तू मधी बोलू नको, प्रीतम." कुलदीपची नजर समाधानवरून हलली नाही. "माझा घोडा दरीत पडला, तवा मी तुझ्या हातापाया पडलो. दिली न्हाईस जादू. दिव्यावैनीची वैदीण आठ गुरुवार आंधळी हुती, तवाबी दिली न्हाईस. मग आजच का?"

समाधानने पेनला टोपण घातलं.

तो आणि कुलदीप एकाच कारखान्यात कामाला होते. कुलदीप पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर, समाधान प्रेस लावून देणारा सेटर. त्या प्रेसला दोन बटणं. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय प्रेस खाली यायची नाही, म्हणजे हात आत सापडायचा प्रश्नच नाही. पण माल भराभर निघावा म्हणून एक बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवायची तिथली रीत. अडीच महिन्यांपूर्वी कुलदीपचा हात आत सापडला, त्या दिवशीची पट्टी समाधानने लावली होती. कंपनीच्या कागदावर मात्र ती कुलदीपने स्वतःच लावली असं आलं, आणि समाधान तोंड शिवून बसला. भ्याला होता, दुसरं काही नाही.

"पट्टी मी लावली होती," तो म्हणाला.

"कसली पट्टी?" प्रीतमने विचारलं. दिव्याने हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"मला ठावं हाय," कुलदीप म्हणाला. "मी तितंच उभा हुतो. पर हितं सांगून काय उपेग?"

समाधानला काहीतरी हातात धरायला हवं होतं, म्हणून त्याने फाशाकडे हात नेला.

तेव्हा कुलदीपने उजवा हात खिशातून बाहेर काढला. अंगठा आणि करंगळी, एवढीच उरली होती. त्या दोघांत त्याने फासा धरला. एकदा निसटला, पुन्हा धरला, आणि आपल्या खिशात टाकला.

"आता मी सांगतो," तो म्हणाला. "उद्या सकाळचं धा वाजल्यात. सायबाच्या केबिनमधी चौकशी हाय. टेबलावर कागद हाय, त्याच्यावर माझं नाव हाय. त्या कागदावर माझी नोकरी जाणार हाय. दार उघडतं आन् तू आत येतोस."

समाधानने नकळत कुलदीपच्या खिशाकडे पाहिलं.

"फासा न्हाई लागत ह्याला," कुलदीप म्हणाला. "काय करतोस?"