भिंतीलगतची खाट

खाट भिंतीला टेकली, तरी तड्याचं वरचं टोक बोटभर दिसतच होतं. तिने सासूबाईंच्या पाठीशी आणखी एक उशी सारली आणि त्यांना जरा वर सरकायला सांगितलं.

"अगं, आता काय छताला टांगतेस मला?" सासूबाई कुरकुरल्या, पण सरकल्या.

तडा खिडकीच्या कोपऱ्यातून निघून तिरका जमिनीपर्यंत उतरला होता. नवरा दरवर्षी त्यात लांबी भरायचा, वरून रंगाचा हात फिरवायचा, आणि दरवर्षी तो पुन्हा तोंड वर काढायचा. शेवटी एका गवंड्याला बोलावलं. त्याने भिंतीवर पंजा ठेवला, वाकून खालची फरशी पाहिली आणि पाया खचतोय असं सांगून टाकलं. या खोलीत कुणी निजू नका, एवढंच तो जाता जाता म्हणाला. त्या दिवसापासून सासूबाईंची खाट बाहेरच्या खोलीत होती. आज ती परत आत आली होती, फक्त घर घेणाऱ्यांनी ठरवलेली तपासणी होईपर्यंत.

नवऱ्याला तिने मुद्दामच कामावर पिटाळलं होतं. खोटं बोलायची वेळ आली की त्याचे कान लाल व्हायचे. आणि आज गडबड होऊन चालणार नव्हतं. कालव्याजवळचं नवं घर पसंत करून झालं होतं, शब्द दिला होता, सामान न्यायला टेम्पो सांगितला होता. तिथे एकही पायरी चढायची नव्हती. मागची उजेडाची खोली सासूबाईंनी पाहताक्षणी स्वतःसाठी राखून ठेवली होती. त्या घराचा तपासणी अहवालही एजंटाने दाखवला होता, एकही दोष नसलेला. फक्त हे घर एकदा विकलं जायला हवं होतं.

बेल वाजली. सासूबाईंनी चादर गळ्यापर्यंत ओढली.

तपासनीस उतारवयाचे, किडकिडीत गृहस्थ होते. बोलणं इतकं हळू की कान द्यावा लागे. त्यांनी स्वयंपाकघरातले नळ सोडून पाहिले, ओट्याखाली हात घालून ओल चाचपली, शिडीवरून माळ्यावर डोकावले, बारक्या हातोडीने भिंती ठोकल्या. ती त्यांच्या मागोमाग फिरत राहिली. पाणी चोवीस तास असतं, शेजार चांगला आहे, असं काहीबाही बोलत राहिली. ते मान डोलवत होते, पण लक्ष हातोडीच्या आवाजाकडे होतं.

सासूबाई होत्या त्या खोलीच्या दाराशी ती आडवी आली.

"आत आई झोपल्यात. कमरेचं दुखणं आहे. डॉक्टरांनी हलवायचं नाही म्हणून सांगितलंय."

सकाळीच त्याच आईंनी स्टुलावर चढून सगळे पडदे काढले होते.

तपासनीस पाय न वाजवता आत आले. तीन भिंती त्यांनी नीट पाहिल्या. मग खाटेपाशी थांबले. वाकून बॅटरीचा झोत खाटेखाली टाकला. तिथे तिने गाद्यांची वळकटी कोंबली होती. झोत वळकटीवरून फिरला, तिच्या कडेला रेंगाळला.

"खाट जरा पुढे घेता आली असती तर..." ते म्हणाले.

सासूबाईंनी खाटेची कड धरली आणि पोटातून असा काही कण्हण्याचा सूर काढला की तिलाही क्षणभर खरंच वाटलं. तपासनीस झटकन उभे राहिले. त्यांनी म्हातारीकडे पाहिलं, उशांच्या त्या ढिगाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्या नजरेत सगळं होतं. त्यांना कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे तिलाही कळलं.

त्यांनी बॅटरी बंद केली.

"राहू द्या. उगाच त्रास कशाला त्यांना."

ती भिंतीला टेकून उभी राहिली. घर घेणारं जोडपं तिच्या डोळ्यांसमोर आलं. नवीनच लग्न झालेलं. त्यातल्या मुलीने याच खोलीत, याच भिंतीला पलंग लावायचं ठरवलं होतं. तिने तो विचार मागे ढकलला. तरुण आहेत, हातीपायी धड आहेत, करून घेतील दुरुस्ती.

ती त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेली. सगळ्या भिंती ठीक आहेत असंच लिहिणार, हे त्यांनी आपणहून सांगितलं. तिला भरून आलं.

"फार उपकार झाले तुमचे," ती म्हणाली.

उपकार कसले, असं म्हणून त्यांनी हात झटकला. घर सोडणाऱ्यांचं मन आधीच जड असतं, त्यात आपण कशाला भर घालायची, असा त्यांचा स्वभावच होता म्हणे. मग त्यांनी सहज विचारलं, आता राहायला कुठे जाणार. तिने कालव्याजवळच्या घराची खूण सांगितली: पिवळं, कोपऱ्यावरचं, पुढे लोखंडी जाळी.

त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा, म्हणजे ते तुम्ही घेतलंत? तेही मीच तपासलं की."

तिलाही बरं वाटलं. अहवाल वाचला होता, कुठे म्हणून खोट नव्हती, असं तिने सांगितलं.

"तीही तुमच्यासारखीच भली माणसं हो," फाटकाची कडी काढत ते म्हणाले. "मागच्या खोलीत अगदी भिंतीलगत पाळणा होता. बाळ नुकतंच झोपलेलं. हलवा म्हणायचं माझ्या जिवावर आलं."