मागच्या बाकावरची झोप

चादरीची दोन टोके आईच्या हातात होती आणि दोन लेकीच्या. दोघींनी ती ताणली, झटकली, मधोमध दुमडली आणि एकमेकींकडे चालत आल्या. रुग्णालयाच्या धुलाईघरात रात्रपाळ्या करून निवृत्त झालेल्या बाईच्या घरात सुरकुतलेली चादर कपाटात जात नसे.

"एकटीनं घडी घालता येत नाही का गं?" लेकीने विचारले.

"येते की. हनुवटीखाली धरायची. मान तेवढी अवघडते."

लेक विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवत असे. आईबाप दोघे असलेल्या घरांतली मुले आणि एकट्या पालकाची मुले पुढे कशी निघतात, हा तिच्या अभ्यासाचा विषय. निष्कर्ष पहिल्या गटाच्या बाजूने होता आणि नेमका तोच तिला नको होता. कारण काही महिन्यांपूर्वी नवऱ्याचे घर सोडून ती आपल्या सहा वर्षांच्या मुलीसह इथे येऊन राहिली होती. आज संध्याकाळी तो विचारायला येणार होता: परतायचे की नाही. तो वाईट माणूस नव्हता, हीच खरी अडचण. दोघे एका खोलीत फार वेळ राहिले की भांडण होई, इतकेच.

मात्र त्या अभ्यासात एक गोष्ट तिला उलगडत नव्हती. एकट्या आया ज्या मुलांना नियमाने प्रार्थनेला नेत, ती मुले पुष्कळदा पहिल्या गटाच्या जवळ जाऊन पोहोचत. का, हे आकडे सांगत नव्हते. ती स्वतःही एकट्या आईचीच मुलगी होती.

"आई, तू आम्हांला दर आठवड्याला प्रार्थनेला न्यायचीस. कशासाठी?"

"झोपायला."

लेकीच्या हातातले टोक सुटले.

"धर नीट. रात्रपाळी संपली की सकाळी तुम्हांला घेऊन थेट तिथं. मागचा बाक भिंतीला लागून होता. घरी तुम्ही झोपू द्याल तर शपथ. तिथं कोणी हाक मारायचं नाही."

"म्हणजे देवाचा काही संबंधच नाही?"

"ते त्याला विचार. त्यानं कधी उठवलं नाही, एवढं मला माहीत. एकदा मी घोरायला लागले, तर प्रवचन करणाऱ्यांनी आपला आवाज उतरवला म्हणे."

"हे आता मी कुठल्या रकान्यात घालू?"

"तुझ्या शास्त्रात घोरण्याला रकाना नसेल, तर ते शास्त्र अपुरं आहे."

लेक हसली. "आणि मी काय करायचे तेव्हा?"

"तू शेजारच्या बाईच्या मांडीवर. तिला मूलबाळ नव्हतं. तुला बघितलं की हात पुढं. तिच्या कोटाची बटणं मोजत मोजत आकडे शिकलीस, आणि आता विद्यापीठात मिरवतेस."

लेकीला तो कोट अंधुकसा आठवला. चेहरा काही केल्या आठवेना. पण मांडीचे हे स्पष्टीकरण सुंदर आहे म्हणून ते स्वीकारण्याची तिला सवय नव्हती.

"थांब. हे पुरतं जुळत नाही. दादाही यायचा ना? तेच घर, तोच बाक. मग त्याचं असं का झालं?"

थोरला भाऊ कोणत्याच नोकरीत वर्षभर टिकला नव्हता. त्याचे दोन संसार मोडले होते, आणि तो आईकडे येई तो बहुधा कोणीतरी घराबाहेर काढल्यावर.

आई दुसरी चादर उचलायला वाकली होती. तिने ती उलगडून दोन टोके लेकीच्या हातात दिली.

"बाक तोच," ती म्हणाली. "पण तो माझ्या दुसऱ्या बाजूला बसायचा. झोपेत मी कलंडायचे. भिंत पाठीमागं होती, बाजूला नव्हती. बाजूला तो होता. नऊ वर्षांचा. मी पडू नये म्हणून खांदा ताठ धरून बसायचा, शेवटपर्यंत. लोक म्हणायचे, पोरगं किती शहाणं, जागचं हलत नाही. मलाही अभिमान वाटायचा."

"त्याला कोणी जवळ घेतलं नाही?"

"मांडीवर घ्यायचं वय उलटलं होतं ना. आणि शहाण्या पोराला कोण विचारतं?"

चादर दोघींच्या मध्ये ताणलेली राहिली. एका घरावरून सिद्धांत मांडणाऱ्या विद्यार्थ्याला लेक वर्गात खाली बसवत असे.

"एका घरावरून काही सिद्ध होत नाही, आई."

"मी कुठं सिद्ध करतेय? तू विचारलंस, मी सांगितलं."

"मग मी परत जाऊ की नको?"

"ते मला नको विचारूस. एकटीनं दोघांना वाढवलं. एक अशी निघाली, एक तसा. कुठल्या तोंडानं सांगू?"

दाराची घंटा वाजली.

खिडकीशी चित्र काढत बसलेली नात ताबडतोब उठली. दाराकडे जाण्यापूर्वी तिने आपल्या आईच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले. दारात उभ्या माणसाला काय सांगावे हे तिथूनच ठरते, अशा सरावाने. मग तिने फ्रॉक खाली ओढला, पाठ ताठ केली.

"मी उघडते. तू आत जा. बाबांना सांगते, तू झोपलीस."

लेकीने चादर सोडून दिली.

"तू चित्र पुरं कर," ती म्हणाली आणि मुलीला मागे सारून स्वतः दाराकडे गेली. कडी निघाल्याचा आवाज आला, पाठोपाठ तिचा. "ये, आत ये. मी परत येणार नाहीये. बस, काय ते मीच सांगते."

नात खिडकीकडे वळली नाही. खांदे तसेच धरून ती दाराच्या दिशेने पाहत उभी राहिली. आजीने खुर्ची ओढली आणि तिला उचलून मांडीवर घेतले.

"मी मोठी झालेय, आजी," नात म्हणाली.

"असू दे."

बराच वेळ तिची पाठ आजीला टेकली नाही.