गार ओव्हनची काच

काच फुटली तेव्हा ओव्हन गार होता. दोन दिवस त्याला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. मृणाली ओट्याशी उभी राहून बिरड्याचे वाल सोलत होती, आणि पाठीमागे बार उडावा तसा आवाज झाला. वळून बघते तो ओव्हनच्या दाराच्या काचेचा चुरा स्वयंपाकघरभर! खडीसाखरेएवढे तुकडे, पार फडताळाखालीसुद्धा. घरात ती आणि पडवीत बसलेले सासरे, एवढीच माणसं. आळ घ्यायला मांजरही नव्हतं.

तेवढ्यात पडवीतून हरिहर धावत आले. हो, धावत! खुर्चीतून उठताना भिंत धरणारा माणूस.

"कमला," ते म्हणाले. "रागावली गो ती."

आता हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. कमलाबाईंनी उभ्या जन्मात नवऱ्यापुढे आवाज चढवला नाही. त्या आपटायच्या. पातेलं आपटलं तर राग साधा, परात आपटली तर भारी, आणि कळशी आपटली की हरिहर छत्री घेऊन बागेकडे निघालेच म्हणून समजा. गणपतीनंतर त्या गेल्या आणि या घरात भांडी नुसती ठेवली जाऊ लागली. हरिहरांचं जेवण तुटलं. उपास नव्हे की हट्ट नव्हे. घास तोंडात फिरत राहायचा, खाली उतरायचा नाही. डॉक्टरांनी सगळं तपासलं. म्हणाले, आजार काही नाही, पण हे असंच चाललं तर यंदाचा आंबा बघतील असं वाटत नाही.

"वाढ मला," हरिहर म्हणाले. "मी जेवत नाही म्हणून आपटलंन तिनं."

मृणालीनं काचा तशाच केरसुणीनं कडेला सारल्या आणि पान वाढलं. म्हाताऱ्यानं दोनदा भात मागून घेतला. आमसुलाच्या साराचे भुरके मारले. समोर बसून मृणाली रडली, अर्धी आनंदानं, अर्धी भीतीनं. सासरे म्हणतात ते खरं असेल, तर वाल सोलताना सासूबाई तिच्या अगदी पाठीशी उभ्या होत्या. त्या दिवसापासून ती त्या बोळक्या ओव्हनकडे पाठ करून उभी राहीना. केकच्या ऑर्डरी आल्या तर सरळ नाही म्हणून सांगू लागली.

शौनक, तिचा नवरा, बँकेतला माणूस. त्यानं ओव्हनच्या दुकानात फोन लावला आणि हसत हसत आत आला.

"भूतबीत काही नाही गं. ओरखडा! ही काच भट्टीत तापवून एकदम गार केलेली असते. त्यानं ती कणखर होते, पण सगळा ताण आत कोंडलेला राहतो. कडेला कुणी तारेची घासणी फिरवली की बारीक चीर पडते. ती आतल्या आत वाढते आणि मग एक दिवस सगळी काच एकदम जाते. तेव्हा ओव्हन तापलेला असायलाच पाहिजे असं नाही. घासल्यावर कितीतरी महिन्यांनीसुद्धा."

"पण मी तर ओल्या फडक्यानं पुसते. तार कुणी लावली?"

"लावली असेल कामवालीनं. चल, बाबांना सांगू या."

मृणालीनं त्याचं मनगटच धरलं. "खबरदार सांगितलंस तर! जेवतायत रे ते."

शौनकनं पडवीकडे पाहिलं आणि फोन खिशात टाकला. ओरखड्याचं कळल्यावर मृणालीच्या मनातली भीती मात्र गेली. आणि खरं सांगायचं तर, भीती गेल्याचं तिला वाईट वाटलं. सासूबाई दुसऱ्यांदा गेल्यासारख्या वाटल्या.

नवी काच बसली. हरिहर जेवायचे, पण कान स्वयंपाकघराकडे.

"आज काही आवाज, गो?"

"नाही बाबा."

हळूहळू पानात भात उरू लागला. एकदा मृणालीनं मन घट्ट करून परात आपटली. हरिहर मायेनं हसले. "तो तुझा हात. तिचा हात वेगळा." पुढे पेजेची वाटीसुद्धा परत यायला लागली. "गेली वाटतं," ते म्हणाले. "एकदाच सांगायला आली होती." शर्टाची कॉलर पुन्हा गळ्याभोवती सैल दिसायला लागली. शौनक म्हणाला, सलाइन लावून घेऊ या. सलाइननं का माणूस जेवायला लागतो?

एके दिवशी शौनक बँकेत गेल्यावर मृणालीनं मोरीतली तारेची घासणी उचलली आणि ओव्हनपुढे उकिडवी बसली. हे पाप आहे, तिला वाटलं. सासूबाईंच्या नावानं खोटं. पण म्हाताऱ्याच्या पोटात अन्न नाही, त्यापुढे कसलं पाप आणि कसलं काय! देवाचं नाव घेऊन तिनं घासणी काचेवर टेकवली आणि जोर लावून घासायला लागली. खर्र, खर्र. अंगावर काटा येईल असा आवाज. काच महिन्याभरात फुटेल की वर्षानं, कुणास ठाऊक. बाबा तोवर तग धरतील का?

मागे चाहूल लागली. भिंत धरून हरिहर दारात उभे होते. कधीपासून, देव जाणे. मृणालीनं घासणी ओढणीत लपवली. तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आता सगळं संपलं. उरलासुरला आधार आपणच आपल्या हातानं मोडला.

हरिहर हळूहळू आले, स्टुलावर टेकले आणि काचेकडे बघत राहिले.

"मधे नको गो," ते म्हणाले, "कडेला घास. तू निजलीस की कमला रोज दुपारी कडेलाच घासायची."